नगरचं अन्न, नगरचं पाणी



पत्रिकेवर ‘नगरची खाद्ययात्रा’ असं छापलंय. ते नाव आम्ही दिलेलं नाही, पण ते वाचून चार माणसं जास्त आली असतील तर तक्रार नाही. मिसळ कुठे चांगली आणि कचोरी कुठल्या गल्लीत, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी नंतर भेटावं. झालं असं, की आम्ही तिघं मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो आणि रविवारी रात्री परतलो. दोन दिवस खाल्लं, प्यायलो, आणि जवळजवळ प्रत्येक घासाला इतिहास आडवा आला. आज तो सांगायचा आहे.

जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं हे नाव. कागदोपत्री तेच लिहायचं. पण आजचं निम्मं बोलणं निजामशाहीच्या शहराबद्दल आहे, आणि स्टँडवर अजूनही ‘नगर, नगर’ अशीच हाळी ऐकू येते, म्हणून आम्ही बोलताना नगरच म्हणू.

सुरुवात नाश्त्यापासून करतो. नाश्ता आमचा नाही, जनरल वेल्स्लीचा. ८ ऑगस्ट १८०३. किल्ला आणि पेठ दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात. इंग्रजी फौजेने सकाळी पेठेच्या तटाला शिड्या लावल्या आणि थोड्याच वेळात पेठ घेतली. इंग्रजांच्या छावणीत गोखले नावाचे एक मराठा सरदार होते. त्यांनी पुण्याला जे कळवलं त्याचा मतलब असा: हे इंग्रज अजब लोक आहेत, सकाळी आले, तटाकडे पाहिलं, वर चढले, आतली शिबंदी कापून काढली आणि नाश्त्याला परत गेले. चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, किल्लाही पडला. किल्ल्याजवळच्या एका चिंचेच्या झाडाखाली वेल्स्ली जेवला असं सांगतात, आणि त्या झाडाभोवती चार तोफा तोंडं खाली करून पुरलेल्या होत्या.

आता गंमत बघा. जेत्याचा नाश्ता इतिहासात राहिला, झाडसुद्धा राहिलं. त्याच सुमाराला नगरच्या लोकांच्या ताटात काय होतं? तर काहीही नव्हतं. १८०२ ते १८०४ हा दख्खनमधला फार वाईट दुष्काळ. पाऊस गेलेला, आणि त्याच्या आधी होळकर-शिंदे यांच्या फौजा आणि पेंढारी या मुलखातून फिरून गेलेले. उभं पीक कापून नेलेलं, बी-बियाणं नेलेलं. १८०४ मध्ये नगरला माणसं रोज मरत होती, तेव्हा हाच वेल्स्ली आपल्या अधिकाऱ्याला लिहितो की धान्य फुकट वाटू नका, ज्यांच्या अंगात काम करण्याची ताकद आहे त्यांना कामाला लावा आणि कामाचा मोबदला म्हणून खायला द्या. हे वाक्य लक्षात ठेवा. पावणेदोनशे वर्षांनी ते याच जिल्ह्यात पुन्हा भेटणार आहे.

पुणे-नगर रस्त्यावर शिरूर सोडलं की घोड नदी ओलांडून आपण जिल्ह्यात शिरतो. हिरवं संपतं असं म्हणणं आता बरोबर नाही, कारण कुकडीचे कालवे झालेत. पण माळ दिसू लागतो. सुप्याच्या अलीकडे एका धाब्यावर आम्ही चहा घेतला. तो चहा नव्हता, पाक होता. चमचा उभा राहिला असता. आमच्यातल्या एकाने मालकाला विचारलं, “अहो, साखर जरा कमी?” तो म्हणाला, “दादा, साखरेचा जिल्हाय हा.” वाक्य त्याने सहज टाकलं, पण आमच्या दोन दिवसांचा विषय त्याने ठरवून दिला.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. भला मोठा खंदक, आणि आत ती ओळीने खोल्यांची इमारत, जिथे ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बाराजणांना आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे सगळे. नेहरूंनी इथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे आपण शाळेत शिकतो. मौलाना आझादांनी इथे जे लिहिलं ते मराठी माणसाच्या कमी वाचनात आहे. ‘गुबार-ए-खातिर’ नावाचा पत्रसंग्रह. मित्राला लिहिलेली पत्रं, जी तुरुंगातून टाकताच येत नव्हती. ती १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. आणि त्या पुस्तकात, मंडळी, नगरच्या किल्ल्यातला चहा आहे.

आझाद पहाटे तीन-चारला उठत. सगळा किल्ला झोपलेला. स्वतः पाणी उकळायचं, स्वतः चहा करायचा. चहा चिनी, चमेलीच्या वासाचा. दूध नाही. दूध घालून उकळलेल्या आपल्या चहाबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते वाचून आम्हाला आपल्या घरातल्या पातेल्याकडे बघायची लाज वाटली. त्यांच्या मते तो चहाच नव्हे, पातळ हलवा. साखरही त्यांना स्वच्छ, पारदर्शक खड्यांची हवी. गूळ तर अजिबात चालत नसे, आणि जवाहरलालना गोड आवडतं म्हणून गूळही चालतो, यावर त्यांनी मिश्किलपणे लिहिलंय.

तुरुंगाच्या व्यवस्थेच्याही गोष्टी आहेत. तिथल्या अधिकाऱ्याला या मंडळींनी ‘चीताखान’ असं टोपणनाव ठेवलं होतं, चांदबिबीच्या काळच्या एका हबशी सरदारावरून. कैद्यांसाठी गावातून एक स्वयंपाकी आणला. नेते कुठे ठेवलेत हे गुपित असल्यामुळे आत आलेल्या माणसाला बाहेर सोडायचं नाही असा हुकूम. म्हणजे बिचारा पगारावर पोळ्या लाटायला आला आणि कैदीच होऊन बसला. स्वयंपाक कसला सुचतोय त्याला! आझाद हे हसत हसत सांगतात, पण आम्हाला त्या माणसाच्या घरच्यांचं वाटलं. त्याची चौकशी कुणी केली असेल?

आणि ही पत्रं हलकीफुलकी आहेत म्हणून कुणी हसण्यावारी नेऊ नयेत. एप्रिल १९४३ मध्ये आझादांची पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. हे इथे, या खोलीत. त्यांनी सुटकेचा अर्ज केला नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि नेहरूंनी आपल्या पुस्तकाच्या अगदी पहिल्या प्रकरणात, ज्याचं नावच ‘अहमदनगर किल्ला’ आहे, त्या दुष्काळाबद्दल लिहिलं. बाहेर माणसं उपाशी आहेत, आपण आत दोन वेळचं जेवतोय आणि काही करू शकत नाही. आमचं असं मत झालंय की आझादांचा तो पहाटेचा पेला या सगळ्याला धरून वाचावा. नुसता शौकीन माणसाचा नखरा म्हणून वाचू नये.

नेहरू किल्ल्यात बागकाम करत. जमीन वाईट, दगडगोट्याची. खणताना जुन्या इमारतींचे अवशेष लागत, असं ते लिहितात. आता इथे आपल्याला मागे जायचंय.

२८ मे १४९०. भिंगारजवळ मलिक अहमदने बहामनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र झाला. या लढाईला इतिहासात ‘बागेची लढाई’ म्हणतात, कारण जिंकल्यावर त्याने तिथे वाडा बांधला आणि बाग केली: बाग निजाम. चार वर्षांनी सीना नदीच्या काठी शहर वसवायला घेतलं, ते अहमदनगर. त्या बागेच्या जागीच पुढे किल्ला झाला. दगडी तट हुसेन निजामशहाने बांधला, १५५९ ते १५६२ च्या दरम्यान. तेव्हा नेहरूंच्या कुदळीला लागत होते ते अवशेष कुणाच्या तरी बागेतले होते. एका बागेच्या जागी, साडेचारशे वर्षांनी, एक कैदी पुन्हा फुलझाडं लावत होता.

पण बाग करायची तर पाणी हवं. नगरचा पाऊस किती? साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. सीना नदी उन्हाळ्यात नावाला. अशा जागी एवढं शहर, हश्त बिहिश्त बाग, १५८३ मध्ये पुरा झालेला फराहबाग, ज्याचा महाल तलावाच्या मधोमध उभा आहे, हे सगळं कशावर चाललं? खापरी नळांवर. कापूरवाडी, वडगाव अशा आजूबाजूच्या उंचावरच्या गावांहून जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या नळांतून, नुसत्या उतारावर पाणी शहरात खेळवलं होतं. असे एक-दोन नाहीत, अनेक नळ. आम्ही फराहबागेत उभे होतो तेव्हा तलाव कोरडा होता. गवत, दोन शेळ्या, आणि मधोमध तो एवढा महाल. राजवाडा बघायला लोक जातात. आमच्या मते नगरची खरी वास्तू जमिनीखाली आहे.

त्या महालांत काय खात असतील? पुलाव, कबाब, हलवा, सरबत. आपल्या मराठी स्वयंपाकघरात किती फारसी-अरबी शब्द आहेत ते बघा: शिरा, हलवा, बर्फी, मैदा, पुलाव, सरबत. ‘मसाला’ हा शब्दसुद्धा तिकडचा. म्हणजे आज्जी सोवळ्यात शिरा करते तेव्हा नाव बादशाही असतं, तिला त्याचं काही नसतं.

मात्र एक गोष्ट निजामशाहीचा संस्थापक कधीच खाऊ शकला नाही: मिरचीचा ठेचा. अहमद निजामशहा वारला १५१० च्या सुमाराला. मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर इकडे आली आणि किनाऱ्यावरून वर चढायला तिला वेळ लागला. तिखट लागे ते मिरीचं, पिंपळीचं, आल्याचं. आणि ठेच्यात शेंगदाणे घालता ना? भुईमूगही अमेरिकेतलाच. बाजरीची भाकरी आणि ठेचा हे आपण ‘अस्सल मराठमोळं’ म्हणून हॉटेलात दुप्पट पैसे देऊन खातो. त्यातली भाकरी जुनी, ठेचा नवा. भाषेने मात्र हुशारी केली. पाहुणीला आपल्या ओळखीच्या मिरीचं नाव चिकटवलं, मिरची म्हटलं, आणि घरात घेतलं. पेरूला ते जमलं नाही, तो पोर्तुगीज ‘पेरा’वरून पेरूच राहिला. राहात्याच्या पेरूच्या बागा आज प्रसिद्ध आहेत.

हा माल, ही माणसं नगरला यायची वाट म्हणजे चौल. चौल हे निजामशाहीचं बंदर, पोर्तुगीज तिथे शेजारी येऊन बसलेले. कधी तह, कधी लढाई. गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला नगरच्या दरबारी यायचा. इथल्या झाडपाल्यांवरचं, मसाल्यांवरचं त्याचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं गेलं. या देशात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक.

औरंगजेबाबद्दल दोनच वाक्यं. १७०७ मध्ये तो भिंगारला मेला. मुलाला लिहिलेल्या एका पत्रात तो त्याच्याकडच्या खिचडीची आणि बिर्याणीची चव आठवतो आणि तुझा स्वयंपाकी मागितला तर तू दिला नाहीस म्हणतो. अर्धा हिंदुस्थान ज्याच्या हुकमात, त्याला एक स्वयंपाकी मिळेना. झाली तीन वाक्यं, असो.

दुपारी आम्ही जेवलो ते शहराबाहेर, ओळखीच्यांच्या घरी, नगर तालुक्यातल्या एका वस्तीवर. तिथल्या आजी सत्तरीच्या पुढच्या. बाजरीची भाकरी, शेंगोळे, आणि सगळ्यात आधी पितळेच्या वाटीत हुलग्याचं माडगं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून उकळायचं, गूळ किंवा मीठ घालायचं आणि गरम गरम प्यायचं. पातळ असतं, पोटाला धरून राहतं. आमच्यातला एक म्हणाला, “वा, हे तर सूप आहे.” आजी म्हणाल्या, “सूप काय, बाबा. बहात्तरला हेच होतं, ते बी रोज नव्हतं.”

मग त्या बोलत राहिल्या आणि आम्ही भाकरी विसरलो.

१९७२ चा दुष्काळ. तीन वर्षं पाऊस नीट नव्हता, त्या वर्षी पार गेला. आजी तेव्हा नव्या नवरी. सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. तान्हं पोर झाडाला बांधलेल्या झोळीत. संध्याकाळी रांगेत उभं राहायचं, मग सुकडी मिळायची. रेशनवर मिलो मिळे, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, गिळताना घशात अडायची. “तोंडाला चव न्हवती, पर जीव वाचला,” आजी म्हणाल्या. सूनबाई मध्येच म्हणाल्या, “आत्या, पाहुण्यांना जेवू द्या की.” आजी म्हणाल्या, “जेवतायत. कान मोकळे हायेत त्यांचे.”

आता वेल्स्लीचं ते वाक्य आठवा. कामाला लावा, मग खायला द्या. १८०४ मध्ये ती दयेची आणि हिशेबाची सांगड होती. इंग्रजी अंमलात १८७६-७७ आणि १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत तीच रीत पुढे चालली, दुष्काळी कामं म्हणून. १९७२ मध्ये महाराष्ट्राने त्यात एक मोठा बदल केला. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम हे आता सरकारच्या मर्जीवर राहिलं नाही, मागणाऱ्याचा हक्क झालं. काम तेच: रस्ता, पाझर तलाव, खडी. बाईच्या हातातली घमेली तीच. पण ‘द्या’ आणि ‘माझं आहे, आणा’ यात जे अंतर आहे ते कापायला पावणेदोनशे वर्षं लागली. योजनेत भ्रष्टाचार झाला नाही असं आम्ही म्हणत नाही. हजेरीपटावरची खोटी नावं हा तर महाराष्ट्राचा जुना विनोद आहे. तरी दुष्काळात भूकबळी न जाऊ देण्याचं मोठं श्रेय तिला द्यावंच लागतं.

संध्याकाळी शहरात परतलो. कापडबाजार, माळीवाडा, दिल्ली गेट असं पायी फिरलो. काहीबाही खाल्लं, ते सांगत नाही. सांगायचंय ते एका वेगळ्या चुलीबद्दल.

१८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशन होतं. नारायण वामन टिळक, कवी टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांचं पुढचं बरंच आयुष्य नगर-राहुरीकडे गेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ आपण बहुतेकांनी वाचलंय. त्यात धर्म, भक्ती, संसार सगळं आहे, पण आम्हाला ते आता अन्नपाण्याचं पुस्तक वाटतं. नवरा ख्रिस्ती झाला, बाई काही वर्षं दूर राहिल्या, मग परत आल्या, तेव्हा चूल वेगळी, पाणी वेगळं. एका घरात दोन धर्म राहू शकत होते, एका पंगतीत बसू शकत नव्हते. हे सोवळं त्यांनी कुणाच्या व्याख्यानाने सोडलं नाही. स्वतःशी विचार करत करत, देवाने जाती केल्या की माणसांनी, असं स्वतःलाच विचारत सोडलं. आणि पुढे १९०० च्या सुमाराला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम बघा. आधी पाण्याची बंधनं गेली, मग धर्म बदलला. आपण उलटं समजतो.

आणि हा प्रश्न फक्त टिळकांच्या घरातला नव्हता. खापरी नळाचं पाणी शहरात आलं, पण हौदावर कुणी कुठे उभं राहायचं हे नळ बांधणाऱ्यांनी ठरवलेलं नव्हतं, ते गावाने ठरवलं. शिर्डीत त्याच काळात एक फकीर पाच घरची भिक्षा मागत होता, आमटीभाकरी सगळं एकत्र करून मशिदीतल्या कुंडीत ठेवत होता. कुत्री-मांजरंही त्यातून खात. कधी स्वतः हंडी चढवायचा. साईबाबा गेले १९१८ मध्ये. आज तिथल्या प्रसादालयात सौरऊर्जेच्या वाफेवर हजारो माणसांचं जेवण शिजतं आणि कुणी कुणाला जात विचारत नाही. रांगेत मात्र तास जातो.

रविवारी सकाळी राहुरीमार्गे प्रवरेच्या खोऱ्यात उतरलो. राहुरीला कृषी विद्यापीठ. हुरड्यासाठी म्हणून ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ अशा ज्वारीच्या खास जाती तिथून आल्या. हुरडा पूर्वी शेतावर आलेल्याला गोवऱ्यांच्या आगटीत भाजून फुकट मिळायचा. आता माणशी दर असतो आणि बैलगाडीची फेरी वेगळी. आम्हीही पैसे मोजून खाल्ला. छान होता.

पुढे बघावं तिकडे ऊस. हा ऊस धरणाचा आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, कालवे निघाले. दुष्काळ हटवायला म्हणून काढलेलं पाणी बघता बघता उसाकडे वळलं. आधी खासगी कारखाने आले, हरिगावचा, टिळकनगरचा. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला. १९५० च्या शेवटी पहिला गळीत हंगाम. कमी जमिनीच्या शेतकऱ्याने भाग घेऊन कारखान्याचा मालक व्हायचं, ही कल्पना त्या काळात साधी नव्हती, आणि या भागातल्या शाळा, दवाखाने, रस्ते तिच्यातून उभे राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. उसामागून मळी आली, मळीमागून दारू. टिळकनगरच्या साखर कारखान्याचा पुढे ब्रँडीचा मोठा उद्योग झाला. मळीपासून जे झालं त्यावर सरकारला महसूल मिळाला; आणि त्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत, पीक नाही म्हणून लोकांनी गावठी दारूच्या तीसचाळीस भट्ट्या लावल्या होत्या. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले तेव्हा आधी भट्ट्या बंद झाल्या, मग पाणी अडवलं गेलं.

रस्त्यात उसाने भरलेल्या गाड्या लागल्या. फडाच्या कडेला पालं. एका पालासमोर एक बाई तीन दगडांच्या चुलीवर बाजरीची भाकरी थापत होती. विचारलं, कुठल्या तुम्ही? म्हणाली, पाथर्डीकडच्या. म्हणजे याच जिल्ह्यातल्या. दिवाळीच्या आधीमागे निघायचं, कोयता घेऊन सहा महिने इथे, बाजरीचं पीठ घरून आणलेलं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा जिल्हा, आणि त्याच्या एका टोकाची कोरडी जमीन दुसऱ्या टोकाच्या ओल्या जमिनीवर मजुरीला येते. धाब्यावरचा तो दादा खोटं बोलला नव्हता, साखरेचा जिल्हाय हा. आमच्या पेल्यातली साखर या बाईने तोडलेली होती आणि तिच्या भाकरीबरोबर मिरची होती. हिवरे बाजारने तीन-चार दशकांपूर्वी ठरवलं की शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. ते गाव नगरपासून फार लांब नाही. सगळे बघायला जातात. कौतुक करतात, परत येतात आणि ऊस लावतात.

संगमनेरजवळ जोर्वे. प्रवरेच्या काठचं साधं गाव, पण जगातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत याचं नाव आहे. १९५०-५१ मध्ये इथे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खोदलं आणि सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची लाल, वर काळ्या रेघांची भांडी सापडली, लांब तोटीची. ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव इथलं. तशी भांडी प्रवरेच्याच काठच्या नेवाशाला सापडली, त्याच काठच्या दायमाबादला सापडली. नेवाशाला, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या वरच्या थरांत मद्य-तेल वाहून आणायच्या परदेशी कुंभांचेही तुकडे मिळाले. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या हजार-बाराशे वर्षं आधी त्या गावात कुणीतरी समुद्रापलीकडची द्राक्षासव चाखत होतं.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते दायमाबादचं धान्य. जळून कोळसा झाल्यामुळे टिकलेले दाणे. सुरुवातीच्या थरांत गहू, सातू, मसूर, वाटाणा, मूग, उडीद. त्याच्या नंतरच्या थरांत कुळीथ आणि वाल. कुळीथ! आदल्या दिवशी आजींनी पितळी वाटीत दिलेला. मिरची, शेंगदाणा, ऊस, चहा हे सगळे पाहुणे आले, त्यांनी जिल्हा ताब्यात घेतला, आणि हा काळपट दाणा साडेतीन हजार वर्षं कोपऱ्यात बसून आहे. त्याला पाणी फार लागत नाही, म्हणून त्याला मान नाही.

वाल शोधायला आम्ही अकोल्याकडे चढलो. इथे जिल्हा पुन्हा वेगळा. घाटघर-रतनवाडीला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नगरच्या नऊ-दहा पट, आणि उन्हाळ्यात तिथल्याही बाया हंडा घेऊन लांब जातात, कारण पाऊस पडतो आणि वाहून जातो. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या. महादेव कोळी समाजाच्या, शाळेत न गेलेल्या. वालाचे, भाताचे, भाज्यांचे गावठी वाण त्यांनी जमवले, घरात बियाणं बँक केली. २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित बियाण्याच्या भाजीने घरातलं मूल आजारी पडतंय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आपलं जुनं बी शोधायला सुरुवात केली, असं त्या सांगतात. दायमाबादला जे दाणे सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागले, त्यांचे भाऊबंद या बाईंच्या मडक्यांत राखेत घोळून ठेवलेले आहेत.

त्या भागातल्या एका घरी आम्ही शेवटचं जेवलो. काळभाताचा भात, वालाची आमटी, नाचणीची भाकरी. पैसे घेतले नाहीत. निघताना घरधनीणबाईंनी मूठभर वाल फडक्यात बांधून दिले आणि बजावलं, “खाऊ नका, लावा. आन् झालं तर मूठभर परत आणून द्या.”

पुण्यात कुंडीत लावलेत. वेल जाळीवर चढलाय, फुलं आलीत, शेंगा अजून धरल्या नाहीत. प्रश्न असतील तर घेऊ.